मेट्रनबाई आणि माझी प्रार्थना-विनंती

मी भर उपासनेत गायकवाडच्या दारूसाठी प्रार्थना मागितली, आणि गायकवाडची बायको माझ्यासमोरच बसली होती. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आपल्या लहानशा मंडळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्यात निंदेला बंदी असते, पण प्रार्थना-विनंतीला नसते. ‘अमक्या बंधूंना जरा विशेष आठवू या’ म्हणून डोळे मिटले, की अमक्या बंधूंची भानगड सतरंजीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. जयपुरातले आम्ही मराठी ख्रिस्ती तर एकाच सतरंजीवर मावणारे. सकाळी हिंदी चर्च आणि दुपारी सी-स्कीम भागात, मेट्रनबाईंच्या मुलीच्या फ्लॅटवर, मराठी उपासना.

त्या दिवशी माझ्याआधीच्या बंधूंनी भाच्याच्या व्हिसासाठी विनंती केली आणि सगळ्यांनी दणदणीत ‘आमेन’ म्हटलं. मला राहवेना. आवाजात मी थोडा कंप आणला. शत्रूनं आपल्या गायकवाडबंधूंना पुन्हा बाटली दाखवली आहे, असं म्हणालो. ‘शत्रू’ हा शब्द तर फारच छान लागला. आता ‘आमेन’ येईल म्हणून थांबलो, तर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. डोळे उघडून पाहतो तो गायकवाडवहिनी मुलीला घेऊन दारात चपला घालत होत्या.

गायकवाड विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. दारू सोडून बरेच दिवस झाले होते. वहिनींनी तेव्हाच बजावलं होतं की पुन्हा थेंब घेतलात तर पोरीला घेऊन श्रीरामपूरला जाईन, ती परत येणार नाही. मग कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत तो घसरला, आणि हे त्यानं एकट्या मला सांगितलं. वहिनींना कसं सांगायचं ते ठरवतोय, तोवर पोटात ठेवा, म्हणाला. माझ्या पोटाचा घेर पाहून त्याचा गैरसमज झाला असावा.

मेट्रनबाईंची एक खोड होती. ऐकताना त्या समोरच्याचं मनगट धरायच्या. जन्मभर एका मिशन दवाखान्यात मेट्रन होत्या, त्यामुळे बोटं आपोआप नाडीवर जात. “तोंड काहीही बोलतं हो, नाडीला वक्तृत्व येत नाही,” म्हणायच्या. उपासनेत आपल्या अनुभवाची साक्ष देणारा फार रंगात आला की त्या सरकत सरकत त्याच्याजवळ जायच्या, आणि तो आपोआप आवरतं घ्यायचा. त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. दुसऱ्या हातानं गाणं सुरू करायची खूण केली आणि मला घेऊन जिन्यात आल्या.

मी तिथेच रडायला लागलो. खरंच रडलो, नाटक असतं तर त्यांना कळलंच असतं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून माफी मागतो, असंही म्हणालो. मनात दोन-तीन वाक्यं तयार झालीसुद्धा होती.

“काही गरज नाही,” त्या म्हणाल्या. “तिथं तुमचंच कौतुक होईल. आणि डोळ्यांतल्या पाण्यावर झाड वाढत नाही, शिरसाट. ते बादलीनं घालावं लागतं. रिक्षा बोलवा.”

वहिनी फोन उचलत नव्हत्या, गायकवाडचा बंद होता. त्याची रविवारची ड्यूटी होती म्हणून आम्ही कारखान्याकडे निघालो. सीकर रोडला रिक्षा ट्रकांच्या मागे अडकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं. तो समोरच्या दारूच्या ठेक्यावर बसला असेल तर? वहिनी स्टेशनवर पोचल्या असतील तर? मी तोंड उघडलं की बाई म्हणत, “गप्प बसा. बोलून झालंय तुमचं.”

गायकवाड गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होता. हातात ग्लास होता आणि बाईंनी आधी ग्लासात काय आहे ते पाहिलं. चहाच होता. वहिनींचा फोन येऊन गेला होता, त्यानंतर त्यानं तो बंदच केला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं.”

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. “माझं चुकलं,” एवढंच बाहेर पडलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत आखूड भाषण.

“यांच्यामुळं माझं घर मोडलं, बाई,” गायकवाड म्हणाला.

मला वाटलं, आता बाई माझी आणखी सालटी काढणार. पण त्यांनी त्याचं मनगट धरलं. “गुपित फोडलं ते पाप यांचं. प्यायलात ते तुमचं. आपलं गाठोडं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नाही. घरी चला आणि तिला तुमच्या तोंडानं सांगा. ती काय करेल ते तिला ठरवू द्या.”

घराखाली उभं राहायला मला जड गेलं. वर बॅग भरलेली आहे, हे खालूनच दिसत होतं. ती गॅलरीत आणून ठेवली होती. गायकवाड वर गेला. आवाज चढले, उतरले, मग ऐकू येईनासे झाले. मी बाईंना विचारलं, प्रार्थना करू या का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं मुलगी जिन्यात आली. “दादी, मम्मी म्हणते तुम्ही वर या. अंकल, तुम्ही मतलब, नीचेच राहा.”

बॅग त्या दिवशी हलली नाही. पण वहिनींनी माफही केलं नाही. बॅग कपड्यांसकट तशीच राहील, म्हणाल्या. दारू सोडणाऱ्यांची एक बैठक संध्याकाळी भरायची. गायकवाडनं तिथं रोज जायचं, असं ठरलं. न्यायचं-आणायचं कुणी? बाईंनी माझं नाव सांगितलं. मला न विचारता.

मी रोज स्कूटरवर न्यायचो आणि बाहेर थांबायचो. मे महिन्यातल्या जयपुरात संध्याकाळीसुद्धा स्कूटरच्या सीटवर पापड भाजतो, तिच्यावर मी बसायचो. आत काय चाललंय ते विचारायचं नाही, ही बाईंची अट. गायकवाड पहिले कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. मागे बसायचा, माझ्या खांद्यालासुद्धा धरायचा नाही. मी बाईंकडे तक्रार केली की एवढं करूनही तो माफ करत नाही. त्यांनी विचारलं, “माफीसाठी करताय की त्याच्यासाठी?” दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटर काढली. त्या हिवाळ्यात कधीतरी बॅग माळ्यावर गेली. मला ते गायकवाडनंच, स्कूटरवर मागे बसून सांगितलं.

पुढं बाईंच्या मुलीची नागपूरला बदली झाली. आम्ही सगळे स्टेशनवर. प्रवासाआधी प्रार्थना करायची आपली रीत. मी घसा साफ केला. बाई खिडकीतून म्हणाल्या, “गायकवाड, तुम्ही करा.” तो चारचौघांत कधी प्रार्थना करत नसे. अडखळत, दोन वाक्यांत त्यानं उरकली, आणि बाईंनी ‘आमेन’ म्हटलं. मग त्यांनी त्याचा आणि माझा हात एकाच वेळी धरला. नागपूरला जाऊन वर्षाच्या आतच त्या वारल्या. ती भेट शेवटची.

गाडी सुटायला थोडा अवकाश होता. एवढी छोटी प्रार्थना बरी दिसत नाही असं वाटून मी पुढं सरकलो आणि म्हणालो, मीही दोन शब्द मागतो. गायकवाडवहिनींनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मागा की, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पण मनातल्या मनात.”