अर्धं बोट आत

दोघी बहिणी एकाच आईच्या, एकाच ताटात जेवून वाढलेल्या. पण थोरलीला दारातून आत यायला दोन्ही फळ्या उघडाव्या लागत, आणि धाकटी अर्धवट उघड्या दारातून सुळकन निघून जाई. थोरलीचं जन्माचं दुखणं ते हेच. लोकांना वाटायचं, बिचारीला आपल्या जाडीचं वाईट वाटत असेल. छे! जाडीची तिला केव्हाच सवय झाली होती. तिला खुपायचं ते धाकटीचं बारीक असणं.

आणि ते जेवतानाच जास्त खुपायचं. धाकटी केकचा दुसरा तुकडा उचलायची, वर बोटंही चाटायची, आणि तिच्या अंगाला काही म्हणजे काही लागायचं नाही. समोर थोरली कोरडा पाव चघळत बसलेली. महिनाभर असं मन मारून वजन करायला जावं, तर काटा होता तिथेच, नाहीतर आणखी वर. "मला वारासुद्धा अंगी लागतो," असं ती चारचौघांत हसून सांगायची. चारचौघे हसायचे. ती घरी येऊन आदळआपट करायची.

थोरली कपडे शिवायची. रस्त्याकडेच्या खोलीत कापायचं मोठं टेबल, दोन मशीनं आणि एक उंच आरसा. गिऱ्हाईक नसलं की आरशावर चादर. हात मात्र असा की बायका लांबून शोधत यायच्या. जाड बाईला तर ती असं शिवून द्यायची की बाई आरशासमोरून हलायला तयार नसायची. स्वतःसाठी मात्र काहीतरी ढगळ शिवून अंगावर अडकवायची, बस्स.

धाकटी पलीकडच्या चौकातल्या मोठ्या हॉटेलात, आल्यागेल्याचं हसून स्वागत करायला काउंटरवर उभी असायची. गणवेशाचा शर्ट, स्कर्ट, वर कोट. दरवर्षी हॉटेल नवं कापड द्यायचं आणि ते थोरलीकडेच यायचं. माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. धाकटीच्या मापाचं कागदी कटिंग खिळ्याला टांगलेलं होतं, वर्षानुवर्षं तेच. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली तरी दुपारी जेवायला इथेच यायची.

मागच्या वर्षी एका दुपारी ती अशीच जेवायला आली असताना एका नव्या गिऱ्हाइकाने थोरलीला विचारलं, "ही तुमची मुलगी का?"

दोघींत सहा वर्षांचं अंतर! धाकटी खळखळून हसली. तिच्या जागी थोरली असती तर तीही हसली असती. पण ती तिच्या जागी नव्हती, हीच तर सगळी बोंब होती. त्या संध्याकाळी हॉटेलचा नवा शर्ट शिवताना थोरलीने दोन्ही कडांची शिवण अर्धं बोट आत घेतली.

"ताई, जरा घट्ट होतोय गं," धाकटी आरशासमोर म्हणाली.

"कापड तेच, कटिंग तेच. बघ बाई, काय वाढलंय ते तुलाच ठाऊक."

धाकटीचा चेहरा उतरला. आणि थोरलीला, खोटं कशाला बोला, इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी दुपारी गाणं गुणगुणत काजं केली. मग स्कर्टही आत आला. मग कोट. काटा बिघडलाय असं धाकटी म्हणाली असती, आरसा खोटा आहे असंही म्हणाली असती. पण ताईची कात्री खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. केक सुटला. मग रात्रीचं जेवण सुटलं. थोरली तिला "अगं, खा की" म्हणायची, आणि तिने खाल्लं नाही की मनात गारगार व्हायची.

अशातच धाकटीला दिवस राहिले. तिसरा महिना संपत आल्यावर तिने सांगितलं. थोरलीने तिला जवळ घेतलं, आणि जवळ घेतल्या घेतल्याच तिच्या पोटात दुखायला लागलं. आता हेही हिलाच! आपल्याला ना लग्न, ना पोर.

धाकटीला मात्र भलतीच धास्ती. "ताई, अजून पोट दिसतही नाही आणि कोटाची बटणं लागेनाशी झालीयत. आत्ताच ही गत, तर पुढे काय होईल? मी सकाळी नुसता चहा घेते, रात्री थोडं सूप. फुगत गेले तर?"

तुझ्यासारखी, हे तिने म्हटलं नाही. थोरलीला ते तरीही ऐकू आलं.

"जप बाई," ती म्हणाली आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

पुढच्याच महिन्यात थोरलीच्या रक्तात साखर निघाली. आईला बरोबर घेऊन ती दवाखान्यात गेली. तिथे काय होणार हे तिला पाठ होतं: डॉक्टरीणबाई नाकाला चष्मा लावणार आणि तोंडाला कुलूप लावायला सांगणार. पण या बाईंनी तिच्याऐवजी आईलाच विचारलं, "ही पोटात असताना तुमचं वजन कसं होतं?"

"विचारू नका," आई म्हणाली. "तेव्हा मी बेकरीत होते. मोडलेले केक-बिस्किटं आम्हीच खायचो. लघवीत साखरही सापडली होती. मग बेकरी बंद पडली, टपाल वाटायचं काम लागलं. जिने चढून चढून निम्मी झाले. त्यानंतर धाकटी झाली."

डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. "तुम्ही कपडे शिवता ना? मग ऐका. आईबापाकडून मिळतं ते कटिंग. ते जन्मभर बदलत नाही. पण कटिंगवर तुम्ही खडूने खुणा करता, इथे सोडायचं, इथे धरायचं. तशा खुणा आपल्या जनुकांवरही होतात. कोणतं जनुक जागं ठेवायचं, कोणतं झोपवायचं, ते त्या खुणा ठरवतात. आईचं वजन आणि साखर जास्त असली तर पोटातल्या बाळावर काही खुणा तिथेच होऊ शकतात. मग ते शरीर चरबी लवकर साठवतं, पुढे साखर, यकृत, हृदय यांची दुखणी लागायची भीती वाढते. त्याच आईचं वजन उतरल्यावर झालेल्या मुलांत ती भीती कमी दिसते. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. खाणं, चालणं, झोप यांनी पुढेही फरक पडतो, तेव्हा औषध आणि फिरणं चुकवायचं नाही. पण हे सगळं तुमच्या जिभेचं पाप आहे असं मी म्हणणार नाही."

उभ्या जन्मात थोरलीला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पण हेवा कुठला गप्प बसायला! तिने विचारलंच, "म्हणजे बारीक आईच्या पोटी आलेलं पोर सुटलं म्हणायचं?"

"छे हो. आई उपाशी राहिली तरी तेच. पोटातल्या बाळाला वाटतं, बाहेर दुष्काळ आहे. ते मिळेल ते साठवायला शिकूनच बाहेर येतं. मग पुढे भरपूर मिळालं की तीच लठ्ठपणाची आणि साखरेची भीती. पहिले महिने तर फार जपायचे असतात."

थोरलीला धाकटीचा सकाळचा नुसता चहा आठवला, रात्रीचं थोडं सूप आठवलं.

बाहेर आल्यावर मात्र ती आईवर उखडली. स्वतःची भीती वाटायला लागली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो, तशी. "म्हणजे तिला टपालवाली आई मिळाली आणि मला बेकरीवाली! ती काय मोठी पुण्यवान लागून गेली होती?"

आई फुटपाथवर थांबली. "मला कुणी सांगितलं होतं का गं? भूक लागायची, खायचे. मला वाटायचं, तुलाच भूक लागलीय."

थोरलीने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी घरी आल्या.

दुपारी धाकटी आली. ताटातला पाव तिने बाजूला सारला, दोन चमचे भाजी खाल्ली आणि पाणी प्यायली. थोरली बघत होती. गप्प बसायचं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोट दिसायला लागल्यावर कपडे घट्टच होतात, आणि पाच-दहा वर्षांनी एखादं जाडजूड पोर वजनाच्या धाकाने पावाचा तुकडा बघून तोंड फिरवायला लागलं, तर त्याचा धागा कोण कुठवर नेणार?

"कोट काढ," ती म्हणाली.

तिने कोट टेबलावर पालथा घातला, दोन्ही कडांची शिवण उसवली, आत दडवलेलं कापड बाहेर ओढलं आणि मशीनवर नवी टीप मारली. "घाल आता."

कोट बसला. बटणं लागली. धाकटी आधी हसली, मग तिने खिळ्याकडच्या कटिंगकडे पाहिलं, मग उसवलेल्या दोऱ्यांकडे.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. शर्ट, स्कर्ट, सगळं. तू मुळीच वाढली नव्हतीस. आता खा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी राहिलीस तर बाळावर खुणा होतात. माझ्यावर झाल्या तशा."

"पण का, ताई?"

"तू बारीक आहेस म्हणून," थोरली म्हणाली. दुसरं कारण तिच्याजवळ नव्हतं.

धाकटी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने ताट पुढे ओढलं, पाव उचलला, आणि थोरलीच्या डोळ्यांत डोळे घालून घासामागून घास खाऊ लागली. स्वयंपाकघरातून आई आली, काय झालं हे न कळून आणखी भाजी वाढून गेली. तीही धाकटीने संपवली.

"उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते तुझ्याबरोबर," थोरली म्हणाली.

"तू नको. आईला घेऊन जाईन मी," धाकटी म्हणाली आणि निघाली. जेवायला उद्या येईन की नाही, ते तिने सांगितलं नाही.

थोरली मशीनपाशी बसून राहिली. कधी नव्हे तो आज तिला धाकटीच्या खाण्याचा हेवा वाटला नव्हता. तिला हेवा वाटत होता तो अजून जन्मालाही न आलेल्या त्या पोराचा. त्याच्या आईला वेळेवर सांगणारं कुणीतरी होतं.