खिडकीतून आत दिलेला मुलगा

मुलांना नाशिक दाखवायचं मी ठरवलं, ते काही हौसेनं नाही. जर्मनीत नऊ वर्षं काढून आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन मी सातपूरला आईकडे आले होते, कायमची. नवरा आणि मी वेगळे होणार होतो. मुलांना मात्र सुट्टी म्हणूनच सांगितलं होतं. आधी त्यांना हे गाव आवडू दे, मग सांगू, असा माझा शहाणपणा.

मग रोज भटकंती सुरू झाली. माझं गाव त्यांच्यासाठी परदेशच. रस्ता ओलांडताना दोघं सिग्नलमधला हिरवा माणूस शोधत उभी राहायची आणि मागून रिक्षावाले आमचा उद्धार करायचे. गोदावरी पाहून मुलगी म्हणाली, "छान आहे तुझी नदी." मिसळ दोघांनी दह्यात बुडवून बुडवून संपवली, मला बरं वाटावं म्हणून. एकदाही हट्ट नाही की भांडण नाही. इतकी गुणी मुलं पाहून मला आनंद व्हायच्या ऐवजी चीडच यायची.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही विंचूरला माझ्या आत्याकडे निघालो. स्टँडवर ही गर्दी! बस थांबते न थांबते तोच लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून जागा धरू लागले. आणि माझे हात आपोआप उठले. लहानपणी आईनं मला कितीदा तरी असंच आत दिलं होतं. मी मुलाला उचललं, खिडकीतून सरकवलं आणि आत बसलेल्या अनोळखी बाईंना म्हटलं, "मावशी, याला धरा जरा, आलेच मी." त्याला मी एका शब्दानं विचारलं नाही. मावशींनी त्याला मांडीवर घेतलं.

दाराशी मात्र माझी डाळ शिजेना. नऊ वर्षांत मी धक्के मारायचं विसरले होते. तेवढ्यात मागच्या गाडीला जागा द्यायला ड्रायव्हरनं बस पुढे घेतली. वीस-पंचवीस पावलंच, पण खिडकीतला मुलाचा चेहरा लांब जाताना मला दिसला. मुलगी किंचाळत बसमागे धावली आणि तिच्यामागे मी.

वर चढले तेव्हा तो रडत नव्हता. मावशींच्या मांडीवर ताठ बसला होता. त्याची चड्डी ओली झाली होती आणि मावशींचं लुगडंही.

"ऱ्हाऊ द्या, लेकरूच हाय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन बाई, हा मला इचारतोय, तुमच्या घरी मी झोपायचं कुठं?"

मला काहीच कळेना. मी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "तू फोनवर म्हणाली होतीस, मुलांना इथेच ठेवायचं. मी ऐकलं. मग मी त्याला सांगितलं, की आई आपल्याला कुणाला तरी देणार आणि बाबांकडे परत जाणार."

इतके दिवस हे मनात घेऊन ती दोघं माझं बोट धरून गावभर फिरत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ओल्या चड्डीसकट मी त्याला पोटाशी धरलं आणि भर बसमध्ये, आजूबाजूचे कान टवकारलेले असताना, सांगून टाकलं.

"मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही. आपण तिघं नाशकातच राहणार आहोत. परत जायचं नाही."

मुलानं माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली. त्याला तेवढं पुरे होतं. मुलीनं मात्र मान वर केली.

"हे बाबांना माहीत आहे?"

"हो."

"आणि ते हो म्हणाले?"

मी मान डोलावली. तिनं तोंड फिरवलं, आणि विंचूर येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.