व्हाळात जीप, मांडीवर गणपती

आमच्या घरचा गणपती साखळीच्या चित्रशाळेतून निघाला की मुळगावला घरी येईपर्यंत कुठेही खाली ठेवत नाहीत. सासरे तो मांडीवर घेऊन बसत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. लग्न होऊन आल्यापासून मला एकदा तरी तो मान हवा होता. मागितला की सासरे म्हणत, "बायकामाणसांका ह्यां जमाचां नाय." का जमणार नाही, ते कधी सांगितलं नाही. मला राग यायचा आणि तो मी लपवतही नसे.

त्या वर्षी नवऱ्याने जुनी जीप घेतली होती, चारही चाकांनी ओढणारी. मोबाइलवर चिखलातल्या जीपचे व्हिडिओ बघून बघून स्वारी हवेत होती. चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात ही गर्दी, म्हणून मूर्ती घेतल्यावर त्याने गाडी शेतातल्या आडवाटेला घातली. पुढे व्हाळ भरून वाहत होता. "आपली गाडी असल्याला भीक घालत नाही," असं म्हणत तो पाण्यात शिरला आणि मधोमध जीप रुतली.

तो अॅक्सिलरेटर दाबत राहिला. चाकं जागच्या जागी फिरून आणखी खोल गेली. तांबडा चिखल काचेवर उडाला, दाराच्या फटीतून पाणी आत आलं. मूर्ती मातीची.

सासऱ्यांनी उभा जन्म सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवला. "अरे, रेस मारू नको! खड्डो खणतस काय?" ते ओरडत होते, पण दोन्ही हात गणपतीला गुंतलेले. एक हात गिअरकडे जायचा, मूर्ती डुलली की झटकन परत यायचा. देवाला धरावं की लेकाला, अशी त्यांची गत. एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं.

शेवटी त्यांचा धीर सुटला. "ह्या गाढवाच्यान काय होवचां नाय!" म्हणत ते मागे माझ्याकडे वळले. "घे गो. दोनय हातांनी धर."

गणपती माझ्या मांडीवर आला. नवऱ्याला पाण्यात उतरवून सासरे सरकत स्टिअरिंगवर बसले.

"टपावरची माटोळीची चौकट चाकाखाली घाला," मी म्हटलं. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायची ती लाकडी चौकट, कोरी करकरीत. सासऱ्यांनी आरशातून माझ्याकडे रोखून बघितलं. मग लेकावर खेकसले, "आयकलंस मरे? घाल!"

त्यांनी खालच्या गिअरात हळूहळू गाडी सोडली. चौकटीच्या पट्ट्या कडाकड मोडल्या, जीपने हिसका दिला आणि काठावर चढली. मागून ढकलणारा नवरा तोंडावर पडला. मी मूर्ती छातीशी धरून "मोरया!" म्हणून किंचाळले.

घरी सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर त्या दरवर्षी पाणी घालतात. "गे बाय माझे!" आमचे अवतार बघून त्या म्हणाल्या. मी मूर्ती सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी काचेवरचा चिखल पुसून तांबडे झालेले आपले तळवे दाखवले. "माझे हात बघ कसे झालेत. तूच भितर घेवन ये."

हात धुवायला तांब्यातलं पाणी पुरलं असतं. त्यांनी ते मागितलं नाही. सासूबाई वाकल्या आणि त्यांनी ते माझ्या पायांवर घातलं. हातात गणपती, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.