जोनचे पडदे आणि शीर्षासनातली फुलं

कशी आहात सगळी? सुमनताई, गुडघा काय म्हणतोय? भाऊजींचा खोकला गेला का? आणि मंदे, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना... की हेही धूसरच वाचते आहेस? मी इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला लेकीकडे ठणठणीत आहे.

परवा मात्र माझी पार फजिती झाली.

शेजारची जोन, ऐंशीच्या घरातली, छोट्या फ्लॅटमध्ये राहायला जाते आहे. तिच्या आईचा एक जुना लांबलचक पडदा होता, त्याचे नव्या खिडकीसाठी दोन करायचे होते. शिवण मी ब्लाउज बिघडवत बिघडवत शिकलेली... तरी "आण इकडे" म्हटलं.

वेलबुट्टी काय सुरेख! मी म्हटलं, अगदी आमच्या औरंगाबादच्या हिमरू शालीसारखी. तर जोन ताठच झाली. "नो डियर, हे प्युअर इंग्लिश आहे. माझ्या आईचं."

मी आपला जुन्या साडीचे पडदे करतो तसा हिशेब केला. मधोमध कापला, दोन्ही टोकांच्या तयार शिवणी खाली ठेवल्या आणि कापलेल्या कडा छाटून त्यांना वर पट्टी लावली. टांगून बघते तर काय... एका पडद्यावर फुलं वर बघताहेत, दुसऱ्यावर शीर्षासनात!

"आई, अगं फुलांची दिशा नाही का बघायची?" लेक म्हणाली. आता सांगते! फिरवून शिवावा तर तो आखूड पडणार, आणि तसलं कापड आता मिळणार कुठे? आईची आठवण तिची, कात्री माझी!

संध्याकाळी जोन आली, सोबत समोरची इराणी शिरीन. जोनने मान तिरकी करून उलटी फुलं पाहिली. शिरीन मात्र खो खो हसायला लागली.

"अगं, ही तर आमच्या गालिच्यावरची फुलं! आमचे गालिचे बघूनच इंग्रज अशी कापडं काढायला शिकले. आणि गालिच्यावर काही फुलं तुझ्याकडे बघतात, काही समोर बसलेल्याकडे. पाहुण्याने काय नुसते देठ बघायचे?"

जोनने चष्मा लावून दोन्ही पडदे नीट पाहिले. "म्हणजे आईने आयुष्यभर खिडकीला गालिचा लावला होता तर!" मग म्हणाली, "राहू देत असेच. फक्त माझ्या बहिणीला सांगू नका, ती अजून प्युअर इंग्लिश आहे."

आम्ही तिघी हसून हसून दमलो. मग जोनने आम्हाला आपल्या घरी नेऊन चहा पाजला. परक्या बाईच्या हातात आईची वस्तू द्यायची, आणि बिघडल्यावर वर तिलाच चहा करून पाजायचा... केवढं मोठं मन म्हणायचं हे!

आता तुमची खबर लवकर कळवा. नुसता अंगठा पाठवून पळू नका हं, दोन ओळी तरी लिहा... वाट बघते आहे.