ग्रुपवरचं ‘नको’

मला राग पटकन येतो आणि हात त्याच्याआधी फोनकडे जातो. या दोन खोडींनी मिळून गेल्या हिवाळ्यात घात केला. तो माझा नाही, काकूचा झाला, हेच तर जास्त लागतं.

काकू म्हणजे आमच्या शेजारची एकटी म्हातारी. पावसाळा सरला की गोमाई नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत चर खणून ती डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेली लावते आणि उन्हाळ्यात प्रकाशा गावाच्या रस्त्याला बसून डांगरं विकते. त्यावर तिचं वर्ष निघतं. शेत नाही, दुसरं काही नाही. नेमकी तीच जागा वाळूघाट म्हणून लिलावात काढायची, असा विषय ग्रामसभेपुढे आला. डंपर एकदा पात्रात उतरला की वेल कुठली आणि डांगर कुठलं!

पूर्वी सभेची दवंडी व्हायची. आता ग्रामसेवक गावाच्या ग्रुपवर नोटीस टाकतो. त्या ग्रुपची ॲडमिन मी. माझी पिठाची गिरणी आहे, अख्खं गाव दळणाला येतं, म्हणून सगळ्यांचे नंबर माझ्याकडे. नोटीस वाचली आणि माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे मी ग्रुपवर मतदान लावलं: वाळूघाट हवा की नको. संध्याकाळपर्यंत ‘नको’वर ‘नको’ पडत गेलं. कापूस वेचणाऱ्यांनी बांधावरून बटण दाबलं, कामाला गेलेल्यांनी सुरतेहून दाबलं. मी काकूला गिरणीत बसवून फोन दाखवला. म्हटलं, बघ, गाव तुझ्या बाजूनं आहे, आता निवांत झोप. तिला वाचता येत नाही. तिनं नुसती लांबच लांब हिरवी रेघ पाहिली आणि पदरानं डोळे पुसले.

सभेच्या दिवशी मी गिरणी चालूच ठेवली. गावानं निकाल दिलाय, आता जायचं कशाला, असं मला खरंच वाटलं. बाकीच्यांनाही तेच वाटलं. दुपारी काकू येऊन पायरीवर बसली. ती सभेला जाऊन आली होती. शंभर माणसं लागतात, तीससुद्धा जमली नाहीत, म्हणून सभा तहकूब झाली. ‘बठ्ठा लोके कोठे गयात वं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, बरंच झालं, विषय टळला.

टळला कसला, डोंबल! तहकूब सभा चार दिवसांनी परत भरणार होती आणि तिला माणसांची अट नसते, हे ग्रामसेवकानं दळण न्यायला आल्यावर सहज सांगितलं. मी ग्रुपवरचं मतदान त्याच्या नाकासमोर धरलं. सरळ माणूस बिचारा, हळूच म्हणाला, ‘ताई, ठराव हात मोजून होतो. फोनमधले हात मला मोजता येत नाहीत.’

मग मी ग्रुपवर ओरडले. म्हणजे लिहिलंच, पण ओरडून. सगळे या, नाहीतर काकूची डांगरवाडी गेली. उत्तरादाखल ‘नक्की येतो’, जोडलेले हात, वळलेल्या मुठी, काय काय आलं. चार दिवस मी ते मोजत बसले. चार गल्ल्यांचं गाव, पण एका दाराशी जाऊन उभी राहिले नाही.

लोक आले, खोटं कशाला बोलू. पण पंचायतीच्या ओट्यावर आणि खिडकीशी थांबले. आत डंपरवाल्यांची भावकी सतरंजीवर पुढेच बसली होती. आत जायचं म्हणजे वहीत सही करायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा. त्यापेक्षा बाहेर फोन काढून उभं राहणं सोपं. मी मात्र आत गेले, सही केली, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. काही वेडंवाकडं झालं तर पुरावा असावा म्हणून फोन वर धरला आणि व्हिडिओ सुरू केला.

ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि त्याच्या बाजूचे हात मागितले. सतरा आले. मग विरोधाचे मागितले. काकूचा हात सगळ्यात आधी वर गेला, पाठोपाठ आणखी चार. पुढे कोणी नाही. हात तसाच ठेवून काकू मान वळवून खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत नुसते फोन. मी मनातल्या मनात ओरडत होते, आत या रे मेल्यांनो, आत या. फोन मात्र हलू दिला नाही. ठराव मंजूर झाला.

घरी येऊन मी व्हिडिओ टाकला. संतापलेली तोंडं, रडकी तोंडं, ‘लोकशाहीचा खून’, ‘काकूला सलाम’, थांबेचनात. खिडकीत उभे होते त्यांनीच जास्त लिहिलं. व्हिडिओ शहाद्यापर्यंत पोचला. मला जरा बरंही वाटलं, सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी काकू गिरणीवर आली. तो व्हिडिओ मला दाखव, म्हणाली. मी गिरणी बंद केली आणि तिच्याशेजारी बसले. तिनं शेवटपर्यंत पाहिला. परत लाव म्हणाली, परत पाहिला. विरोधाचे हात आले तेव्हा तिनं मला थांबवायला लावलं आणि बोट टेकवत एकेक हात ओळखला. स्वतःचा, शिंप्याचा, वरच्या गल्लीतल्या दोघी जावांचा, मास्तरांचा. पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग माझ्याकडे वळली.

‘यामा तुन्हा हात कोठे शे वं?’

फोन माझ्या उजव्या हातात होता. सभेतही तिथेच होता.