दुपारी नेट कोण संपवत होतं

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

मी तेव्हा अंबड भागात तपास अधिकारी होतो. अर्ज आणि दाखल्यांचं काम करणाऱ्या एका केंद्राचे मालक ठाण्यात आले. आमच्या शांतता समितीतले, म्हणून आल्या आल्या खुर्ची, चहा. तक्रार अशी, की केंद्रातलं नेट दुपार टळली की संपतं. संगणकावर बसणारी बाई लोकांची आधार कार्डं बाहेर कुणाला तरी पाठवत असणार.

बाईला बोलावलं. बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आलेली. "साहेब, मी फारम भरते, बाकी काय बी न्हाई. नेट कसं संपून राह्यलं, मला बी कळंना."

"हिला बराबर विचारा, साहेब!" मालक मध्येच बोलले.

खोटं बोलणारा सहसा वेळ मागतो. ही उलट भडकली. "चला की मंग आत्ताच, मशीन बघा!"

गेलो. कोणता प्रोग्राम किती नेट ओढतोय, हे संगणकावर वेगवेगळं दिसतं. मी तिला उघडं असलेलं सगळं बंद करायला लावलं. तरी एका प्रोग्रामचा आकडा पळतच होता. अर्जदारांचे फोटो काढायचा जो कॅमेरा होता, त्याचं चित्रण तो बाहेर पाठवत होता. मी तो बंद केला, आणि मालकांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यावर सूचना आली होती: कॅमेरा बंद पडला आहे.

काय म्हणावं या माणसाला! स्वतःच्याच पापाची तक्रार घेऊन आला होता. त्या प्रोग्रामला नेट लागतं, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दुकान माझं हाय. नजर ठेवायला लावला," तो म्हणाला. मोबाइल जप्त केला. त्यात गिऱ्हाइकांचं काहीच साठवलेलं नव्हतं. दुपारी त्या बाईची सासू लेकरू घेऊन यायची, शटर अर्धं ओढून ही त्याला पाजायची. जपून ठेवलं होतं ते फक्त तेवढंच.

त्याला अटक केली. कागदोपत्री तपास चोख झाला, वरिष्ठांनी शाबासकीही दिली.

जबाबावर सही करून ती उठली. तिचं नाव कुठेही जाहीर होणार नाही, असं मी सांगितलं. तिने पदर घट्ट ओढून घेतला आणि विचारलं, "साहेब, ते तुमी बी बघितलं का?"

पंचनाम्यासाठी मी बघितलं होतं. दोन पंचांनीही बघितलं होतं. पुरावा तपासावाच लागतो, हे मला सांगता आलं असतं. पण मला इतकी लाज वाटली की तोंडातून शब्द फुटला नाही. पुढे अशा प्रकरणांत चित्रण पाहायला मी महिला अधिकारी आणि महिला पंचच मागवत गेलो. तिला मात्र तिचं उत्तर माझ्या गप्प बसण्यातूनच कळलं.