मामाची औषधं

आमच्या घरात बेसबॉल आणला तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, तीन वर्षं राहूनही त्या खेळाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. २००४च्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात अण्णा मला समजावून सांगायला लागले की इथं वाईट चेंडू सोडून देण्यालाही किंमत आहे, चार सोडले की फलंदाज आयता चालत पुढे जातो. साताऱ्यात एका डॉक्टरांकडे चाळीस वर्षं कंपाउंडर म्हणून पुड्या बांधलेला माणूस. इंग्रजी जेमतेम. पण खेळ त्यांना कळला तसा मला आजही कळत नाही.

त्यांचा एक लाडका फलंदाज होता. लांबच्या कुठल्याशा शहराच्या संघातला, पस्तिशी ओलांडलेला, दंड हे एवढे आणि पोट जरा सुटलेलं. आईच्या धाकट्या भावासारखा दिसतो म्हणून अण्णांनी त्याचं नाव मामा ठेवलं. आईला ते अजिबात आवडलं नव्हतं. मामानं चेंडू प्रेक्षकांत टोलावला की अण्णा सोफ्यावरून पुढे सरकत टाळीसाठी हात पुढे करायचे. मी इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो, व्हिसा मिळाला, तेव्हा प्रत्येक वेळी मला "छान" एवढंच मिळालं होतं.

ते परत गेल्यावरही हे चालू राहिलं. आधी आमचा शनिवारचा फोन म्हणजे जेवलास का, थंडी किती, आईला देतो. आता अण्णा फोन सोडायचे नाहीत. मामानं या आठवड्यात काय केलं, पाय अजून दुखतोय का, त्याला खालच्या क्रमांकावर का पाठवलं. खोटं कशाला बोलू, मी मॅच बघायचो ती त्या फोनसाठी. अभ्यास करून बसायचो म्हणा ना.

२००७च्या हिवाळ्यात ताकदीची औषधं घेणाऱ्या खेळाडूंची नावं बाहेर आली. त्यात मामाचंही नाव होतं. आमच्या ऑफिसात एक म्हातारा इंजिनिअर होता, लहानपणापासून या खेळावर जीव टाकणारा. जेवताना तो म्हणाला, की आता जुनी मॅच आठवायला लागलो की मी मध्येच थांबतो, त्यातलं खरं किती होतं कळत नाही. मग त्यानं डबा बंद केला. अर्धं सँडविच तसंच होतं.

शनिवारी मी अण्णांना म्हणालो, "मामा औषधं घेत होता म्हणे."

"अरेरे," अण्णा म्हणाले. "काय होतंय त्याला? साखर?"

तिथंच सांगायला हवं होतं. पण मला हसू आलं, आणि ते दाबत मी "असेल" म्हणून गेलो. चाळीस वर्षं ज्यानं फक्त आजाऱ्यांनाच औषध दिलं, त्याला दुसरं काय सुचणार? मग पुढचे चार शनिवार तेच. "मामाची तब्येत कशी आहे?" "मेथीचे दाणे रात्री भिजवून सकाळी खा म्हणावं त्याला." जणू मामा माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसत होता. मी हो हो म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर एकटाच हसायचो.

पाचव्या शनिवारी ते म्हणाले, "बिचारा. एवढी औषधं पोटात घेऊन खेळत होता."

त्या बिचारामुळे माझं डोकं फिरलं. "बिचारा कसला, अण्णा? ठणठणीत होता तो. मसल्स वाढवायला घ्यायचा. चीटिंग करत होता. सगळ्या न्यूजमध्ये आलंय."

त्यांच्यातल्या कंपाउंडरनं विचारलं, "रोग नसताना? कुणी दिली?"

"असतात देणारे."

"हं." आणि मग जराही न हसता, "म्हणजे मामानं आपल्यालाच मामा बनवलं. थांब, आईला देतो."

त्यानंतर अण्णांनी बेसबॉलचा ब्रही काढला नाही. मामाचा मला एवढा राग आला नाही, जेवढा माझा आला. एक म्हातारा माणूस सातासमुद्रापलीकडच्या कुणाची तब्येत विचारत होता, विचारू द्यायचं होतं की. खऱ्याचा एवढा पुळका मला कधीपासून?

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा मी विषय काढून बघितला. "अण्णा, मॅचेस सुरू झाल्या."

"हो का," ते म्हणाले. "तुझं ऑफिस कसं चाललंय? ले-ऑफ होतायत ना तिकडं?"

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी, मी उगाच टीव्ही लावून बसलो होतो, तर एका नवख्या फलंदाजानं असा काही चेंडू मारला की कॅमेऱ्यालाही तो सापडेना. लोक उभे राहिले, घरात एकटा मीही उभा राहिलो. अण्णांची इतकी आठवण आली की मी कॉलिंग कार्ड शोधून नंबर फिरवायलाच लागलो. तिकडे सकाळचे सहा वाजले होते, अण्णा चहा घेऊन बसलेले असणार. रिंग वाजत होती तसा मी मनात सगळं जुळवत होतो, चेंडू कसा आला, त्यानं पाय कसा टाकला. आणि मग लक्षात आलं की अण्णा पहिलं काय विचारतील. हा तरी औषधाशिवाय खेळतो का? टीव्हीवर तो दात काढत धावत होता. मला काय माहीत?

पलीकडून अण्णांचा "हॅलो" आला. दोनदा आला. मी फोन ठेवून दिला.